दोन तासांचा हट्ट आणि परकं शहर

प्रश्न असा आहे: "आतापर्यंत चार हाफ मॅरेथॉन धावले. सर्वांत चांगली वेळ २ तास ८ मिनिटं. पाचवी युरोपातल्या एका शहरात आहे, रविवारी सकाळी. शुक्रवारी रात्री पोचणार, सोमवारी परतीचं विमान. तिथलं घड्याळ आमच्यापेक्षा साधारण चार तास मागे. नवरा सोबत येतोय, त्याला शहर बघायचंय. दोन तासांच्या आत येणं जमेल का? आणि सोबत काय काय नेऊ?"

वरवर हा प्रश्न वेळेचा आणि बॅगेचा आहे. पण वाचताना माझं लक्ष अडकलं ते तुमच्या शनिवारवर. शुक्रवारी रात्री उतरणार, रविवारी सकाळी धावणार, मधे एकच दिवस. त्याच दिवशी बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्यायचा, झोप सावरायची आणि पहिल्यांदाच पाहत असलेलं शहर नवऱ्याबरोबर फिरायचं. बारा-तेरा वर्षं मी हौशी धावकांना तयार करतेय, स्वतः परदेशात सात हाफ धावलेय. अशा ठिकाणी ज्यांचा निकाल बिघडला, त्यांतल्या बहुतेकांचा तो शनिवारीच बिघडला होता. त्यांत मीही आले.

म्हणून आधी एवढं ठरवा: वेळेसाठी चाललात की शहरासाठी? दोन्ही कारणं चांगलीच. शहरासाठी जात असाल तर पुढचं निम्मं वाचायची गरज नाही. कट-ऑफ, म्हणजे शर्यत संपवायची शेवटची मुदत, किती आहे तेवढं बघा (बऱ्याच ठिकाणी तो तीन तासांच्या आसपास असतो, तुम्हाला त्याची चिंता नाही) आणि फोटो काढत धावा. "जमलं तर दोन तास, नाहीतर मजा" असं मनात धरून गेलेल्या लोकांची मात्र मी वेळही गेलेली पाहिली आहे आणि मजाही. तुमचा सूर वेळेकडे झुकलेला वाटला, म्हणून तसंच धरून लिहिते.

आधी आकडे. २१.०९७५ किलोमीटर २ तास ८ मिनिटांत म्हणजे ६:०४ चा पेस, दर किलोमीटरला ६ मिनिटं ४ सेकंद. बरोबर दोन तासांसाठी ५:४१ लागतो. दर किलोमीटरला २३ सेकंदांचा फरक आहे आणि तो किरकोळ नाही. जमेल की नाही हे तुमच्या सर्वांत चांगल्या हाफच्या वेळेवरून मी सांगणार नाही, कारण ती कुठल्या हवेत आणि किती तयारीवर धावलात हे मला माहीत नाही. त्यापेक्षा जाण्याआधी तीन-चार आठवडे एक १० किलोमीटर पूर्ण जोर लावून धावा. अंतर वाढलं की वेळ किती वाढते याचं रीगेल नावाच्या अमेरिकी इंजिनिअरचं एक सूत्र धावक नेहमी वापरतात. त्यानुसार दोन तासांच्या हाफला साधारण ५४ मिनिटांचं १० किमी लागतं. तुम्ही ५४-५५ मध्ये आलात तर दोन तासांची भाषा करायला हरकत नाही. ५६-५७ लागली तर या वेळी २:०५ धरा. तोही तुमचा पीबीच (आजवरची सर्वांत चांगली वेळ) असेल.

यात एक गोष्ट तुमच्या बाजूने असू शकते: हवा. उन्हाळी, दमट हवेत सराव करणाऱ्याचं हृदय एकाच वेळी दोन कामं करत असतं. पायांच्या स्नायूंना रक्त पुरवायचं आणि शरीर थंड ठेवायला त्वचेकडेही पाठवायचं. दहा-बारा अंश तापमानात दुसरं काम बरंच हलकं होतं आणि तेवढ्याच दमात पेस सुधारतो. मी घरी ज्यांना २:१० च्या पुढे धावताना पाहिलं, ते थंड शहरात २:०४ मध्ये आलेले आहेत, वेगळा सराव न करता. तुमचा १० किमीचा प्रयत्न २७-२८ अंशांत झाला असेल, तर निकालाकडे थोडं उदार नजरेने बघा. उलट शहर उंचावर असेल तर ही सवलत विसरा. तुमचं शहर युरोपातलं आहे, त्यामुळे बहुधा हा प्रश्न येणार नाही, पण बोगोटासारख्या २,६०० मीटरवरच्या शहरात कुणी पीबीचा विचारही करू नये.

आता घड्याळाची गंमत. तुमचं जीपीएस घड्याळ फिनिशला २१.१० दाखवणार नाही. २१.३, कधी २१.४ दाखवेल, आणि मग लोक "रूट लांब होता" म्हणून आयोजकांना दोष देतात. प्रमाणित रूट मोजतात कसा ते कळलं की हा राग जातो. माप घेणारा माणूस चाकाला काउंटर लावलेली, आधी ठरावीक अंतरावर पडताळून घेतलेली सायकल चालवतो. वळणावर कडेच्या दगडापासून ३० सेंटिमीटरवरून, शक्य तितक्या जवळच्या रेषेने. वर दर किलोमीटरला एक मीटर मुद्दाम जास्त धरतात, म्हणजे रूट चुकूनही कमी भरू नये. गर्दीत ती रेषा तुम्हाला मिळणारच नाही. तुम्ही बाहेरून वळणार, पाण्यासाठी कडेला जाणार, हळू धावणाऱ्यांना वळसे घालणार. शिवाय उंच इमारतींमध्ये जीपीएस भरकटतं ते वेगळंच. आता हिशेब करा: घड्याळावर ५:४१ पाहत २१.३ किमी धावलात तर येणार २:०१:०३. मी हे पाहिलं आहे, फिनिशलाइनवर रडणारी माणसं आणि मनगटावर अगदी अचूक ५:४१. म्हणून घड्याळात ५:३७-५:३८ दिसायला हवा. त्याहून बरं म्हणजे ऑटो-लॅप (घड्याळाने आपणहून किलोमीटर मोजणं) बंद करून प्रत्येक किलोमीटरच्या पाटीपाशी स्वतः बटण दाबा. (पुढेमागे ब्रिटन किंवा अमेरिकेत धावलात तर पाट्या बहुधा मैलांच्या असतील. तेव्हा दोन तासांसाठी मैलाला ९:०९ लक्षात ठेवा. धावताना भागाकार होत नाहीत.)

आता शनिवार. माझ्या दुसऱ्या परदेशी हाफच्या आदल्या दिवशी मी सकाळी एक किल्ला, दुपारी संग्रहालय आणि संध्याकाळी जुन्या शहराच्या दगडी गल्ल्या असा बेत आखला. थकवा जाणवलाच नाही, कारण नवीन शहरात पाय दुखतायत हे कळत नाही, डोळे सगळं लक्ष खातात. रात्री फोन पाहिला तर पंचवीस हजार पावलं, म्हणजे सतरा-अठरा किलोमीटर. दुसऱ्या दिवशी १६ व्या किलोमीटरला दोन्ही पोटऱ्या एकदम धरल्या आणि शेवटचे पाच किलोमीटर मी चालत-धावत काढले. संग्रहालय विशेष वाईट. तिथे चालणं कमी आणि उभं राहणं जास्त असतं, आणि पायांना ते चालण्याहून जड जातं.

तुमच्या जागी मी असा शनिवार काढला असता: सकाळी वीस-पंचवीस मिनिटांचा अगदी सावकाश जॉग, शक्य असेल तर हॉटेलपासून स्टार्टच्या दिशेने. त्यात प्रवासाने आखडलेले पायही सुटतात आणि उद्याचा रस्ताही कळतो. मग लगेच एक्स्पोला (शर्यतीआधीचं प्रदर्शन, बिब तिथेच वाटतात) जाऊन बिब घ्यायचा, दुपारपर्यंत ताटकळायचं नाही. तिथे रांगा असतात, स्टॉल असतात, फुकटात चव घ्यायला दिलेल्या गोष्टी असतात. बिब घेऊन अर्ध्या तासात बाहेर. नवे शूज पाहायचे असतील तर पाहा, पण रविवारी पायात घालू नका. दुपारी बसून बघता येईल तेवढंच शहर: ट्राम, बोट, वरचा मजला उघडा असलेली बस. चारच्या सुमाराला हॉटेलवर, पाय वर करून. नवऱ्याला हे आत्ताच, विमान पकडण्याआधी सांगा. शनिवारी दुपारनंतर तो एकटा फिरेल, रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी सकाळी तुम्ही त्याच्याबरोबर असाल. हा वाटाघाटीचा भाग जितका लवकर होईल तितका बरा. हॉटेलच्या लॉबीत "आता काय?" हा प्रश्न उभा राहिला की धावणारी व्यक्ती हमखास हरते.

झोपेबद्दल तुम्ही फार घाबरला असाल, पण तुमचं नशीब चांगलं आहे. पश्चिमेकडे जाणं सोपं असतं. आपलं शरीराचं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालतं, त्यामुळे दिवस लांबवणं त्याला जमतं, आखडणं जड जातं. चार तास मागे गेल्यावर तुम्हाला रात्री नऊलाच पेंग येईल आणि पहाटे तीनला टक्क जाग येईल. रविवारी पहाटे उठायचंच आहे, म्हणजे काही बिघडलं नाही. शुक्रवारी रात्री विमानातून उतरल्यावर शक्य तितक्या उशिरापर्यंत जागा, शनिवारी उजेडात राहा, दुपारी झोपलात तर अर्ध्या तासात उठा. शनिवारच्या रात्री झोप नाही लागली तरी चालतं. त्या रात्री फारसं कुणीच झोपत नाही. गुरुवारची झोप जास्त महत्त्वाची आहे आणि ती तुमच्याच हातात आहे, म्हणून बॅग बुधवारी भरा. पूर्वेकडे आठ-नऊ तास जाणाऱ्याला मी याच्या अगदी उलट सल्ला दिला असता आणि निदान पाच-सहा दिवस आधी पोचायला सांगितलं असतं.

तारीख नीट बघा. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास पुढे-मागे होतात, आणि हाफ मॅरेथॉनचा हंगामही नेमका त्याच दिवसांत. तुमची शर्यत त्या रविवारी असेल तर फोन आपोआप बदलेल. मनगटावरचं साधं घड्याळ किंवा हॉटेलच्या खोलीतलं घड्याळ बदलेलच असं नाही.

कागदपत्रं हा कंटाळवाणा भाग, पण इथे चूक झाली तर बाकी सगळं फुकट. बिब घ्यायला बहुतेक ठिकाणी स्वतः, पासपोर्ट घेऊन जावं लागतं, आणि वाटप शनिवारी संध्याकाळी बंद होतं. ते किती वाजता बंद होतं हे पाहूनच विमान ठरवायला हवं होतं. तुम्ही शुक्रवारी पोचताय म्हणून निभावेल. इटलीत स्पर्धेत धावायला वैद्यकीय प्रमाणपत्र कायद्यानेच लागतं, आणि ते ठरावीक तपासण्यांसह हवं असतं. फ्रान्समध्ये २०२४ पासून डॉक्टरच्या कागदाऐवजी आरोग्याच्या जोखमींबद्दलचा एक ऑनलाइन टप्पा पूर्ण करून त्याचा पुरावा द्यावा लागतो. तुमचं शहर या दोन देशांत असेल तर आजच पाहा. आणि प्रवास विम्याची बारीक अक्षरं वाचा, कारण काही पॉलिसींत "स्पर्धात्मक खेळ" वगळलेले असतात.

स्टार्टला कसं पोचायचं याचा विचार लोक करतच नाहीत. मॅरेथॉनच्या दिवशी शहराचे रस्ते मॅरेथॉनमुळेच बंद असतात. एकदा माझं हॉटेल स्टार्टपासून जेमतेम सातशे मीटरवर होतं. ऐटीत उशिरा निघाले. मधे एक मोठा रस्ता आडवा, त्यावर बॅरिकेड, आणि पलीकडे जायचा एकमेव मार्ग दीड किलोमीटर पुढच्या भुयारी स्टेशनमधून. माझी वेव्ह (ठरावीक वेळेला सोडलेला धावकांचा गट) निघून गेली आणि मी सगळ्यात मागच्या, चालणाऱ्यांच्या घोळक्यातून निघाले. हॉटेल रूटच्या कुठल्या बाजूला आहे ते नकाशावर आत्ताच बघा. स्टार्ट आणि फिनिश एकाच जागी आहेत का, तेही बघा. लिस्बनच्या मार्चमधल्या हाफला धावकांना आधी ट्रेनने नदीपलीकडे जावं लागतं आणि तिथून '२५ एप्रिल' पुलावरून धावत शहरात यावं लागतं. इंग्लंडमधली ग्रेट नॉर्थ रन न्यूकॅसलला सुरू होते आणि समुद्रकाठी साउथ शील्ड्सला संपते, म्हणजे हॉटेलवर परतायचं हा स्वतंत्र प्रवासच. वेळही गृहीत धरू नका. स्वीडनमधली गोथेनबर्गची हाफ शनिवारी दुपारी असते, तिथे न्याहारीचं सगळं गणित बदलतं. तुमची सकाळची आहे हे तुम्ही लिहिलंय, पण तुमची वेव्ह किती वाजता सुटते ते बिबच्या कागदांत पाहा. पहिल्या आणि शेवटच्या वेव्हमध्ये तासाभराहून जास्त अंतर असू शकतं.

वेव्हसाठी उभं राहताना थंडी वाजेल. तुम्हाला दहा अंशांची सवय नाही, त्यामुळे धावताना घालायचे म्हणून जाड कपडे न्याल आणि तिसऱ्या किलोमीटरला उकडून निघाल. धावताना अंगाला हवा आठ-दहा अंश गरम आहे असं धरून कपडे घाला. वर टाकून द्यायला एक जुना स्वेटर न्या. बऱ्याच शर्यतींत असे टाकलेले कपडे गोळा करून दान करतात.

बॅगेत काय, याचं उत्तर: अंगाला लागणारं आणि पोटात जाणारं सगळं घरचं. शूज, मोजे, शॉर्ट्स, ब्रा, व्हॅसलीन, जेल (धावताना खायचा गोड, घट्ट पाक), रविवारच्या सकाळचा नाश्ता. शूज आणि धावायचे कपडे हँडबॅगेतच, चेक-इन बॅग एक दिवस उशिरा आली तरी तुम्ही धावू शकला पाहिजेत. जेल मात्र बऱ्याच विमानतळांवर द्रव पदार्थांत मोजतात, म्हणून ती चेक-इनमध्ये टाका आणि दोन तेवढी छोट्या पारदर्शक पिशवीत हाताशी ठेवा. पाळीची तारीख जवळ असेल तर सवयीचे पॅड किंवा कपही आठवणीने घ्या. प्रवासात तारीख मागे-पुढे होते आणि शनिवारी रात्री परक्या शहरात दुकान शोधणं नको. नाश्ता कुठला ते मी सांगणार नाही. लाँग रनच्या आधी जे खाऊन पोट शांत राहिलं तेच, स्टार्टच्या अडीच-तीन तास आधी. हॉटेलचा नाश्ता रविवारी कदाचित तितक्या लवकर सुरू होणार नाही, आणि झाला तरी समोरचे पंधरा प्रकार पाहून माणूस वाहवतो.

दोन तासांच्या धावण्यात ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पुरतात. एका जेलमध्ये साधारण २०-२५ ग्रॅम असतात, म्हणजे तुम्हाला तीन पुरे: पहिलं ३५-४० मिनिटांनी, मग तेवढ्याच अंतराने. तेही पाण्याच्या टेबलाच्या थोडं आधी, म्हणजे वर पाणी मिळेल. पाणी कुठल्या किलोमीटरला आहे ते रूटच्या नकाशावर असतं. तहानेपुरतंच प्या. थंडीत तहान कमी लागते आणि लोक धास्तीने प्रत्येक टेबलावर दोन-दोन कप रिचवतात, ते धोक्याचं आहे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉननंतर तपासलेल्या ४८८ धावकांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम सामान्य पातळीखाली गेलेलं आढळलं, आणि शर्यतीत वजन वाढलेल्यांमध्ये ते जास्त होतं. ती पूर्ण मॅरेथॉन होती हे खरं, पण सवय तीच. एका शहरात फिनिशनंतर हाती आलेली बाटली मी तहानेने घटाघट प्यायले आणि ते सोडावॉटर निघालं. युरोपात हे होतं, झाकण उघडताना फस्स आवाज आला तर जपून.

प्रत्यक्ष धावताना पहिले तीन किलोमीटर तुमचे नसतात, गर्दीचे असतात. त्यांत वळसे घालत पुढे घुसण्याचा मोह आवरा. हिशेबच बघा: पहिले तीन ५:५० ने धावलात तर उरलेल्या अंतराला ५:४० लागतो, फक्त एका सेकंदाने कमी. त्या गर्दीत शंभर माणसं ओलांडायला जो दम जातो, तो एका सेकंदापेक्षा फार महाग आहे. दोन तासांचे पेसर (ठरलेल्या वेळेत नेणारे धावक) असतील तर ते बंदुकीच्या वेळेने (शर्यत सुटल्यापासून) धावतायत की चिपच्या (स्वतः स्टार्ट ओलांडल्यापासून), ते विचारून घ्या. तुम्ही त्यांच्या चार मिनिटं मागून स्टार्ट ओलांडली असेल तर त्यांना गाठायला धावणं हा आत्मघात आहे. १४ किलोमीटरला स्वतःला विचारा: आत्ता दोन शब्दांचं वाक्य बोलता येतंय का? येत असेल तर धरून ठेवा. नसेल तर तिथेच ५:५५ वर या. उरलेले सात तसे गेले तरी तुम्ही २:०२ च्या आत, म्हणजे सहा मिनिटांनी सुधारलेल्या पीबीसह संपवाल. हट्टाने ओढत राहिलात तर १८ ला चालावं लागेल आणि मग २:०८ सुद्धा हातचं जाईल.

बिबच्या मागे आपत्कालीन संपर्क, रक्तगट आणि औषधांची ॲलर्जी भरा, नवऱ्याचा नंबर देशाच्या कोडसह. युरोपीय संघात आपत्कालीन क्रमांक ११२ आहे. फिनिशला फोनचं नेटवर्क कोलमडलेलं असेल असं धरूनच भेटायची जागा ठरवा, आणि ती फिनिशपाशी नको, दोन गल्ल्या पलीकडे. नवऱ्याकडे तुमचा सुका जॅकेट असू द्या. थांबल्यावर दहा मिनिटांत दात वाजायला लागतात.

राहिलं परतीचं विमान. रविवारी दुपारी आंघोळ, जेवण, तासभर झोप, आणि मग नवऱ्याला शब्द दिलेलं शहर, सावकाश चालत. त्याने पाय मोकळे होतात. सोमवारी आइलची सीट घ्या आणि दर तासाला उठा. चार तासांहून लांब प्रवासाने पायातल्या शिरेत गुठळी होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते. मुळात ती फार कमी असते, त्यामुळे भिण्याचं कारण नाही. पण दोन्ही पोटऱ्या सारख्या दुखत असतील तर ती शर्यत. एकच पोटरी सुजली, गरम लागली आणि दुखणं दिवसागणिक वाढत गेलं, तर स्नायूचं दुखणं समजून शेकत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.